तक्रार एका रॅकची, पाहणी सगळ्या जिन्यांची

ठाण्यातल्या एका सात मजली, दोन विंगच्या सोसायटीचं व्यवस्थापन मी पाहतो. तिथल्या समितीपुढे दोन पानी तक्रार आली: चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी जिन्यापाशी चपलांचा रॅक ठेवलाय, पाच हजार दंड लावा. सोबत फोटो. दंड थेट पुढच्या बिलात टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी थांबायला सांगितलं. भाडेकरू हा सोसायटीचा सभासद नाही, त्यामुळे नोटीस जाते फ्लॅटमालकाच्या नावे आणि भाडेकरूला तिची प्रत. कोणत्या उल्लंघनाला किती दंड, हे उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, सर्वसाधारण सभा ठरवते, समिती नाही. 5,000 रुपये ही वर्षभराची कमाल मर्यादा, पहिल्या चुकीचा दर नव्हे. या सोसायटीच्या ठरावात पार्किंग होतं, कचरा होता, जिना नव्हताच. आणि कारणे दाखवा नोटीस न देता, म्हणणं न ऐकता लावलेला दंड सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात टिकवणं कठीण.

पण मला खरी काळजी वेगळीच होती. जिन्यात अडचण करणारा तो एकच रॅक होता का?

दोन्ही विंगमधला एकेक समिती सदस्य बरोबर घेतला, तक्रारदार सोडून. हातात मोजपट्टी आणि मजलावार तक्ता: वस्तू कोणती, भिंतीपासून किती पुढे आलीय, चालायला किती जागा उरते, कशाच्या आड येते. फोटो लॉबीतूनच काढायचे, उघड्या दारातून कुणाचं घर किंवा चेहरा येता कामा नये. चौदा लॉब्यांपैकी अकरांत काही ना काही निघालं. सायकली, कुंड्या, एक गुंडाळलेली गादी, मीटरच्या डक्टमध्ये रद्दीचे गठ्ठे. खजिनदारांचं सेफ्टी डोअर बाहेर उघडणारं, उघडलं की जिन्याचं तोंड अर्धं बंद. भाडेकरूंचा लोखंडी रॅक 25 सेंटीमीटर खोल आणि कोपऱ्यात होता. हलवायला हवाच होता, पण यादीत तो बराच खाली लागला.

सर्वांत वर होतं तक्रारदारांच्या मजल्यावरचं, त्यांनीच बसवून घेतलेलं चपलांचं लाकडी कपाट. 38 सेंटीमीटर खोल, त्यामुळे 1.2 मीटरच्या पॅसेजमध्ये 82 सेंटीमीटर उरले. तेवढ्यातून स्ट्रेचर सरळ जातं, वळणावर मात्र अडतं. त्याहून वाईट म्हणजे कपाट होज रीलच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा पाइप गुंडाळलेल्या ड्रमच्या, पेटीला खेटून होतं. पेटीचं दार वीतभर उघडून कपाटाला आपटायचं. रीलचा ड्रम दारातून पूर्ण बाहेर फिरला तरच पाइप सरसर सुटतो. नाहीतर तो पेटीच्या कडेला घासून अडकतो आणि पीळ पडलेल्या पाइपातून पाण्याला जोर राहत नाही. आगीच्या वेळी त्या मजल्याला हाताशी असलेलं पाणी एवढंच.

तक्ता समितीपुढे ठेवला तेव्हा भाडेकरूंबद्दल कुणी बोलेना. ठरलं ते असं: सर्व सभासदांना एकाच तारखेचं, एकाच मजकुराचं परिपत्रक. जमिनीवर काही ठेवायचं नाही. तोरण, रांगोळी, पायपुसणं चालेल. पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा घेतली. तिने पहिल्या उल्लंघनाला 500 आणि पुन्हा केल्यास 1,000 रुपये असा दर ठरवला, शिवाय सामान हलवायला पंधरा दिवस दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची प्लास्टिकची खुर्ची हा नाजूक मुद्दा होता, कारण लिफ्ट बंद असली की त्या तिथे दम खातात. त्यांना सवलत दिली असती तर उद्या दहा जणांनी मागितली असती. म्हणून सोसायटीनेच वळणाबाहेरच्या भिंतीला घडीचं आसन बसवलं, जे कुणीही वापरावं.

वॉचमनला सामान उचलायला लावू नका, हे मी प्रत्येक समितीला सांगतो. वस्तू सभासदाच्या मालकीची असते, उद्या चोरीची तक्रार झाली तर उत्तर सचिवांनाच द्यावं लागतं. दंडासाठी पाणी तोडणं तर सोडूनच द्या. नोटीस हातात देऊन सही घ्यायची, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवायची. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांवर विसंबू नये.

भाडेकरू ताईंनी परिपत्रक मिळालं त्याच संध्याकाळी रॅक आत घेतला. मुदतीनंतरच्या पाहणीत दोनच जागा उरल्या, पैकी एक ते कपाट. कारणे दाखवा नोटीस गेली आणि तक्रारदार काका सुनावणीला आले. म्हणाले, "इतकी वर्षं कुणी एका शब्दाने बोललं नाही." मुद्दा रास्त होता, म्हणून मागच्या वर्षांचा विषय काढायचाच नाही, असं मी समितीला सुचवलं. दंड लागला तो मुदत उलटल्यानंतरचा, 500 रुपये. बिलात तो वेगळ्या ओळीत दाखवला, देखभाल शुल्कात मिसळला नाही.

सुताराने दोन तासांत कपाट उतरवलं. काकांच्या समोरच रील ओढून पाहिली. पाइप त्यांच्या शेवटच्या बेडरूमपर्यंत पोचला. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. आता एजन्सीचा माणूस येतो त्याच दिवशी समिती तोच तक्ता घेऊन सगळे मजले फिरते, आणि सुरुवात पदाधिकाऱ्यांच्या मजल्यांपासून होते.