३०४ : रिकामी

हॉटेलात मला सगळे 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. मी सातपूरच्या आयटीआयचा वायरमन. बावीस वर्षं झाली, नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एकाच हॉटेलात. लोकांना वाटतं मेंटेनन्स म्हणजे पाना आणि टेस्टर. निम्मं काम सेल बदलण्याचं असतं. कार्डाने उघडणाऱ्या प्रत्येक दाराच्या कुलपात चार पेन्सिल सेल असतात. कुलपाला बाहेरून वायर नसते, नेट नसतं. कार्डावर लिहिलेली खोली आणि चेकआउटची वेळ ते वाचतं, स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतं आणि उघडतं. सेल काढून बदलायला उशीर झाला की ते घड्याळच चुकतं. मग रात्री बारा वाजता लग्नाच्या वऱ्हाडातला कोणीतरी दारात उभा राहून शिव्या घालतो आणि रिसेप्शनवरचा मुलगा मला फोन करतो. बाकीचं निम्मं काम म्हणजे गिझरची कॉइल आणि मोरीत अडकलेले केस.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक तीन तऱ्हांचं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला आलेले, शनिवार-रविवारी द्राक्षमळे आणि वाइन बघायला आलेली मुंबईची तरणी पोरं, आणि देवाधर्माची माणसं. सगळ्यात जास्त ही तिसरी. त्र्यंबकला नारायण नागबळी, रामकुंडावर अस्थी, दहावं. वरच्या दोघांसाठी हॉटेल स्मार्ट करायचं आणि भाडं या तिसऱ्यांकडून घ्यायचं, असा एकंदर कारभार आहे. हे माझं मत, शेठचं नाही.

२०२७च्या कुंभाच्या आधी नूतनीकरण उरकायचं म्हणून शेठनी पुण्याची पार्टी आणली. तोवर आमच्याकडे दाराजवळ कार्ड खोचायचा खाचा होता. कार्ड खोचलं की लाईट, काढलं की बंद. त्या खाच्यात मी काय काय पाहिलंय! व्हिजिटिंग कार्ड, कंगवा, चार घड्या घातलेलं एसटीचं तिकीट. माणूस शिर्डीला आणि खोलीत दीड टनाचा एसी दिवसभर सुरू. "परत येईपर्यंत गार राहायला नको का?" हे मला एका सुशिक्षित बाईंनी तोंडावर सांगितलंय. त्यामुळे पुण्याच्या माणसाने हालचाल ओळखणारा सेन्सर दाखवला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. हे आधी कबूल करतो.

तो सेन्सर काही पंख्याएवढी मोठी गोष्ट नाही, छतावर चिकटवलेली वाटी असते. आत उष्णता टिपणारे दोन तुकडे, वर खाचा-खाचांची पांढरी भिंग-टोपी. ती टोपी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडते. माणूस एका भागातून दुसऱ्यात गेला की एका तुकड्यावर ऊब आधी पडते, दुसऱ्यावर नंतर, आणि हा फरक म्हणजे 'हालचाल'. आडवा गेलात तर लगेच कळतं, सरळ त्याच्याकडे चालत आलात तर उशिरा. आणि अजिबात हललाच नाहीत, तर तुम्ही त्याच्या लेखी भिंत. वाटीला माणूस कळत नाही, सरकणारी ऊब कळते.

म्हणून नीट बसवायची पद्धत अशी की दारालाही एक चुंबकाचा संपर्क लावायचा. दार उघडलं, मिटलं, त्यानंतर आत काही हललं तर माणूस आत आहे. मग दार पुन्हा उघडेपर्यंत तो आतच, झोपो नाहीतर पुतळ्यासारखा बसो. नव्या विंगला तसंच आहे. जुन्या विंगला सागवानी चौकटी, त्या कोरायच्या, वायर ओढायची, खर्च. शेठ म्हणाले, तिकडे नुसता टायमर ठेवा. तीस मिनिटं हालचाल नाही तर खोली रिकामी. रात्री अकरा ते सहा हा नियम बंद, म्हणजे झोपलेल्याला त्रास नको.

इथपर्यंत शेठ. यापुढे मी.

एसी आणि दिव्यांच्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे खोली रिकामी ठरली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, पलंगाजवळचे सॉकेटही मीच घेतले. लोक इस्त्री, चार्जर, काय काय चालू ठेवून जातात. एकदा इस्त्रीने गादी जळाली होती, तेव्हापासून डोक्यात होतं. दुसरं, दुपारी वाऱ्याने पडदा हलला की रिकाम्या खोल्यांतले दिवे-एसी आपोआप सुरू व्हायचे. म्हणून मी सेटिंग बदलून घेतलं : एकदा खोली रिकामी ठरली की दाराजवळच्या टच पॅनेलला हात लागेपर्यंत ती रिकामीच. पुण्याचा मुलगा म्हणाला, काका, हे भारी सुचलं तुम्हाला. मी दोन दिवस त्या कौतुकावर होतो. इंटरकॉम मात्र मी काढला नाही. ती सल्लागाराची अक्कल. त्याच्या जागी टॅब्लेट आला, त्यावरून चहा मागवायचा. टॅब्लेटचा चार्जर अर्थातच पलंगाजवळच्या सॉकेटला.

गोष्ट ऑगस्ट २०२५ची. चाळीसगावकडचं कुटुंब, आईच्या अस्थी घेऊन आलेलं. सकाळी विधी झाला. दुपारी बाकीचे गाडीने परत गेले, म्हातारे बाबा मागे राहिले, जुन्या विंगच्या ३०४मध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांचा चुलतभाऊ येणार होता, दोघं त्र्यंबकला जाऊन मग एसटीने घरी. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट, त्यामुळे गाडी कशाला अडकवता, असं त्यांचंच म्हणणं. जाताना मुलगा रिसेप्शनला सांगून गेला होता, "आई गेल्यापासून बाबा फार बोलत नाहीत. जरा लक्ष असू द्या."

रात्री पावणेनऊला त्याचा फोन आला. बाबांचा मोबाइल बंद लागतोय. रिसेप्शनवरच्या मुलाने, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला, गुणी पोरगा, स्क्रीनवर बघितलं. ३०४ राखाडी. राखाडी म्हणजे रिकामी. त्याने तसंच सांगितलं, "सर, ते रूममध्ये नाहीयेत." मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं, तर सात-दहाला पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा मुख्य दारातून बाहेर पडताना दिसला. श्रावण-भाद्रपदात आमच्या लॉबीत दर दुसऱ्या डोक्यावर पांढरी टोपी असते. पण स्क्रीन म्हणते रिकामी, कॅमेऱ्यात म्हातारा बाहेर जातोय, दोन्हींची सांगड बसली. मुलाला तेही सांगून टाकलं. पलीकडून मुलाचा आवाजच येईना म्हणे.

मला सिडकोत घरी फोन आला. मी गाडी काढली ती थेट रामकुंडावर. हॉटेलवर आधी जावं, असं माझ्या मनातही आलं नाही. कुठे जाणार माणूस? बायकोच्या अस्थी सकाळी जिथे सोडल्या तिथेच जाणार. आणि त्या आठवड्यात गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता. नाशिककराला पाण्याचा आकडा सांगावा लागत नाही, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय तेवढं विचारायचं. त्या रात्री गुडघ्यांच्या वर होतं. कुंडाच्या पायऱ्या पाण्याखाली, गढूळ, लाल, आवाज करत जाणारं पाणी. काठावरच्या छोट्या देवळांची निम्मी शिखरंच तेवढी दिसत होती. मी आणि आमचा वॉचमन, दोघं टॉर्च मारत फिरतोय. पांढरी टोपी, धोतर, सावळा, उंच. सांगावं तर घाटावर शंभर जण तसे. एका पुलाखालच्या ओट्यावर झोपलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर टॉर्च मारला मी. एकजण उठून म्हणाला, "कोणाला शोधताय, पाव्हणं?" मला बाबांचं नावसुद्धा आठवेना. माझ्या डोक्यात होतं नुसतं ३०४.

तासभर गेला. मुलगा चाळीसगावहून निघाला होता, मालेगावच्या अलीकडून दर पाच मिनिटांनी फोन. पोलिसांत कळवायचं ठरलं.

नऊ पंचावन्नला मावशींचा फोन. मावशी म्हणजे आमच्या हाउसकीपिंगच्या, माझ्याआधीपासून तिथे. सिस्टीमने रिकाम्या खोल्यांची यादी त्यांच्या मोबाइलवर टाकली होती, टॉवेल बदला, कचरा काढा. त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या, तर ३०४च्या दाराबाहेर चपला. नीट, जोडीने, भिंतीला टेकवून.

"चपला बाहेर सोडून माणूस नदीवर जाईल का?" हे त्या मला फोनवर नाही, नंतर म्हणाल्या. फोनवर म्हणाल्या ते एवढंच, "आहेत. आतच आहेत. या."

झालेलं असं. बाबा सातच्या सुमाराला पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये खाली चादर टाकून बसले. पलंगावर बसायचं नव्हतं त्यांना, दिवस सुतकाचे. पाठ पलंगाला, तोंड खिडकीकडे. छतावरच्या वाटीला गादीच्या कडेवर त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत असणार. तीस मिनिटं ते हलले नाहीत. सात बेचाळीसला खोली रिकामी झाली. दिवे गेले, एसी गेला, चार्जिंगला लावलेला मोबाइल आधीच मरायला टेकला होता तो गेला, टॅब्लेट काळा. त्यानंतर ते हलले असतील, पाणी प्यायले असतील, पण आता पॅनेलला हात लागेपर्यंत खोली ऐकणार नव्हती, कारण ते मला सुचलेलं होतं.

"बाबा, हाक नाही का मारायची कोणाला?" मी विचारलं. मी ओलाचिंब, घाटावरचा चिखल पायाला.

ते म्हणाले, "लाईट गेली असंल म्हटलं, भाऊ. आमच्याकडं रोजच जाते. येईल तेव्हा येईल."

मग जरा थांबून, "बरंच झालं गेली ते. त्या दिव्यात बसवत नव्हतं."

मुलाशी बोलणं करून दिलं. तो रडला, मग आमच्यावर ओरडला, बरोबर ओरडला. बाबा फोनवर त्याला "अरे, मी कुठं जातो," एवढंच दोनदा म्हणाले. तरी तो आलाच रात्री बाराला. मावशींनी तोवर बाबांना खाली स्टाफच्या खोलीत नेऊन चहा पाजला होता. हॉटेलच्या किचनचा नाही, स्वतःच्या स्टोव्हवरचा.

आता मला खुपतंय ते वेगळंच. माझं आणि मावशींचं जुनं भांडण आहे. त्या आजही दार दोनदा वाजवतात, "हाउसकीपिंग" म्हणतात, थांबतात, पुन्हा वाजवतात. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो, मावशी, मोबाइलवर राखाडी दिसलं की वाजवायची गरज नाही, वेळ वाचवा. रिसेप्शनच्या पोरालाही मीच शिकवलं होतं की स्क्रीन बघ, उगाच माणूस वर पाठवू नकोस. त्या रात्री तीन मजले चढून दारावर टकटक करायला दोन मिनिटं लागली असती. कोणीच गेलं नाही. रिकाम्या खोलीचं दार कोण वाजवणार?

आणि बाबा धडधाकट होते म्हणून हे सांगता येतंय. समजा कोणी बाथरूममध्ये पडला, चक्कर येऊन निपचित पडला. आमची यंत्रणा पहिली गोष्ट काय करणार? तीस मिनिटांनी दिवा बंद करणार आणि खाली कळवणार की खोलीत कोणी नाही. पुण्याच्या मुलाला मी हे विचारलं. तो म्हणाला, काका, ही एनर्जी सेव्हिंगची सिस्टीम आहे, सेफ्टीची नाही. खरं आहे. पण स्क्रीनवर तसं लिहिलेलं नाही, तिथे लिहिलंय 'रिकामी'.

सॉकेट मी त्याच आठवड्यात कॉन्टॅक्टरवरून काढले, इंटरकॉमचे जुने डबे गोदामातून शोधून परत लावले. दुसऱ्या जातीचे सेन्सर मिळतात, रडारचे, मिलिमीटर लहरींचे. त्यांना श्वासाने छाती हलते तेवढंही कळतं. मी कोटेशन काढून शेठपुढे ठेवलं. त्याच सुमाराला, २२ सप्टेंबरला, साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे सेन्सरवर भरलेला कर आता कुठेच वळता होत नाही. शेठनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, कुंभानंतर बघू. मी फार जोर लावला नाही, हेही खरं. गिऱ्हाइकाच्या खोलीत छतावर बसून त्याचा श्वास मोजणारी वाटी, हे मलाच जरा कसंसं वाटतं. पडद्याचं भांडण तर तिथेही आहेच.

त्या दिवशीचा लॉग मी छापून ठेवलाय. १९:४२ रिकामी. २१:५१ कर्मचारी कार्ड, पॅनेल, भरलेली. मावशींनी पॅनेलला हात लावला म्हणून खोली भरली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ३०४ मोकळी होती. मी आत गेलो, दार लावलं, खाली चादर टाकली, पलंगाला पाठ लावून खिडकीकडे तोंड करून बसलो. हालचाल टिपली की वाटीवर लाल ठिपका लुकलुकतो, तो समोरच्या काचेत दिसतो. पहिल्यांदा चार मिनिटांत मान खाजवली. दुसऱ्यांदा अकरा मिनिटांवर खिशातला फोन थरथरला. तिसऱ्यांदा फोन बाहेर ठेवला, डोळे मिटले. एकोणीस मिनिटं. पाय बदलला आणि काचेत लाल ठिपका.

तेवढ्यात दारावर दोनदा टकटक झाली.


"हाउसकीपिंग."