स्प्रिंगफील्ड : विधानभवन आणि त्यालगतचे रस्ते

शिकागोहून निघालेली गाडी साधारण साडेतीन तासांत स्प्रिंगफील्डला पोहोचते. एप्रिलमध्ये वाटेत पेरणीच्या तयारीत असलेली काळीभोर, सपाट शेते आणि धान्याची उंच कोठारे यांखेरीज फारसे काही दिसत नाही. इलिनॉय राज्याच्या या राजधानीत येणारे बहुतेक प्रवासी अब्राहम लिंकन यांचे घर, संग्रहालय आणि समाधी पाहून परततात. मला मात्र येथील विधानभवन पाहायचे होते आणि त्याच्या आसपासचे ते रस्तेही, जेथे १९०८ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या हिंसाचारातून ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’, म्हणजेच एनएएसीपी, या नागरी हक्क संघटनेच्या स्थापनेला चालना मिळाली.

विधानभवनाचा घुमट ३६१ फूट उंच आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनाहूनही उंच. तिसऱ्या मजल्यावर दोन्ही सभागृहे आणि चौथ्यावर प्रेक्षक गॅलरी आहे. मी गेले तेव्हा ११८ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहाचे कामकाज चालू होते. एका सदस्याने आपल्या मतदारसंघातून आलेल्या शाळकरी मुलांकडे बोट दाखवले, मुले लाजत उभी राहिली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. व्यक्तींच्या, गावांच्या, संस्थांच्या गौरवाचे ठराव येथे बहुधा सर्वसंमतीचे म्हणून एकत्रच मांडले जातात; लिपिक क्रमांक वाचतो, आवाजी मतदान होते आणि क्षणभरात ते संमत होतात. नागरी हक्क संघटनांच्या वाट्याला येणारा सन्मानही बहुतेकदा याच वाटेने येतो. अमेरिकी संसदेनेही २००९ मध्ये शंभर वर्षांच्या एनएएसीपीचा असा गौरव केला होता. अशा ठरावांना कायद्याचे बळ नसते, म्हणून ते निरर्थक ठरवण्याकडे आपला कल असतो. मला तसे वाटत नाही. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या त्या परिच्छेदांतून राज्य स्वतःच्या दप्तरात इतिहास नोंदवत असते, आणि ज्यांच्या बाबतीत ते दप्तर दीर्घकाळ मुके राहिले, त्यांना त्या नोंदीची किंमत ठाऊक असते.

विधानभवनातून बाहेर पडून स्प्रिंग आणि एडवर्ड्स या रस्त्यांच्या चौकात यायला काही मिनिटेच लागतात. १९०८ मध्ये विल्यम डॉनेगन हे कृष्णवर्णीय गृहस्थ येथे राहत होते. व्यवसायाने चांभार, वयाने वृद्ध, पत्नी गौरवर्णीय; त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्याआधी एका गौरवर्णीय स्त्रीने जॉर्ज रिचर्डसन या कृष्णवर्णीय तरुणावर बलात्काराचा आरोप केला होता. झुंड तुरुंगावर चालून आली, तेव्हा शेरीफने, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाने, त्याला आणि दुसऱ्या एका कृष्णवर्णीय कैद्याला शहराबाहेर हलवले होते. चवताळलेल्या जमावाने ज्याच्या मोटारीतून कैदी नेले त्याचे उपाहारगृह फोडले, कृष्णवर्णीयांची वस्ती पेटवली आणि स्कॉट बर्टन या न्हाव्याला ठार केले. दुसऱ्या रात्री डॉनेगन यांना घराबाहेर ओढून, गळा चिरून झाडाला लटकवण्यात आले. त्यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडला. आरोप खोटा असल्याची कबुली त्या स्त्रीने नंतर दिली. शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले, पण शिक्षा झाली ती एकालाच, आणि तीही एक तलवार चोरल्याबद्दल. सत्तेच्या दारात माणूस मारला जातो आणि न्यायालयापुढे हिशेब होतो तो तलवारीचा, हे त्या चौकात उभे राहून सहन होत नाही.

लिंकन संग्रहालयासमोरच्या बागेत या दंगलीवर शिल्पकार प्रेस्टन जॅक्सन यांनी घडवलेले कांस्यशिल्प आहे. दोन जळक्या धुराड्यांचा त्याचा आकार दुरूनच ओळखू येतो. जवळ गेल्यावर मात्र त्यांच्या अंगावर कोरलेली माणसे, जळती घरे आणि सैनिक दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याला धुराड्यांभोवती सावकाश फिरावेच लागते. शहरातील दंगलस्थळांवर माहितीफलक लागले, त्यामागे दोन शाळकरी मुलींनी महापौरांकडे केलेली मागणी होती, हे मला विशेष मोलाचे वाटते.

लिंकन यांच्या स्वतःच्या गावात असे घडावे, याचा धक्का देशाला बसला. पत्रकार विल्यम इंग्लिश वॉलिंग यांनी घटनास्थळी येऊन लेख लिहिला, तो वाचून समाजसुधारक मेरी व्हाइट ओव्हिंग्टन पुढे आल्या, आणि १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, लिंकन यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, संघटनेसाठी जाहीर आवाहन निघाले. स्वाक्षरी करणाऱ्यांत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या शिकागोच्या पत्रकार आयडा बी. वेल्स होत्या. याच ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच आहे, असे त्यात म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढील कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाला म्हणूनच हे गाव परके वाटत नाही.

याच विधिमंडळाने १९०५ मध्ये, एडवर्ड ग्रीन या कृष्णवर्णीय सदस्याच्या पुढाकाराने, झुंडीच्या हिंसेविरुद्ध कायदा केला होता. कैद्याला झुंडीच्या हाती पडू देणाऱ्या शेरीफला पद सोडावे लागे. तरीही १९०८ घडले. पण पुढच्याच वर्षी इलिनॉयमधील कैरो या गावी झुंडबळी गेला आणि तेथील शेरीफ फ्रँक डेव्हिस यांनी पद परत मागितले, तेव्हा आयडा वेल्स स्प्रिंगफील्डला आल्या, गव्हर्नर चार्ल्स डनीन यांच्यापुढे त्यांनी युक्तिवाद केला, आणि डेव्हिस यांना पद परत मिळाले नाही. माझ्या मते या विधिमंडळाने एनएएसीपीचा केलेला खरा सन्मान हाच होता, आणि तो कोणत्याही गौरवाच्या ठरावाच्या कितीतरी आधी, तिच्या कार्यकर्तीच्या हाती वापरता येईल असा कायदा देऊन झाला होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी रेल्वेमार्गालगतची, जळालेल्या घरांचे पाये सापडलेली जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. शहराच्या मध्यभागातून तेथे पायी जाता येते. विधानभवनाचे कामकाज पाहायचे असेल, तर वसंतातील अधिवेशनाचे दिवस आधी पाहून मगच गाडीचे आरक्षण करावे.