मसाई मारातील सिंह आणि सकाळचा उजेड
केनियातील मसाई मारा विषुववृत्तालगत असल्यामुळे सूर्य झपाट्याने वर चढतो आणि आयाळीला सोनेरी कडा देणारा कोवळा उजेड जेमतेम तासभर टिकतो. म्हणून साडेसहाच्या सुमारास गाडी कळपाजवळ असलेली बरी. सिंह दिवसातले 20 तासांपर्यंत लोळत असतो, त्यामुळे छायाचित्रकाराचे खरे काम वाट पाहण्याचेच. जांभई मात्र बहुधा एकामागून एक येते: पहिली हुकली तरी शटर 1/1000 सेकंदावर ठेवून, डोळ्यावर फोकस धरून थांबावे, म्हणजे पुढच्या जांभईत सुळे, खरखरीत जीभ आणि ओठांभोवतीच्या माश्यासुद्धा स्पष्ट मिळतात. गाडीच्या टपावरून टिपलेला सिंह मला नेहमीच बुटका वाटतो. खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून लेन्स खाली आणावी आणि इंजिन बंद करायला सांगावे, नाहीतर त्याची थरथर छायाचित्रात उतरते.