तीन नेते, एक सभागृह आणि चौकटीबाहेरचे ३२ लाख

इथे वॉशिंग्टनमधल्या जुन्या छापील चित्रांच्या व्यापाऱ्यांकडे एक मोठं चित्र हमखास निघतं: 'युनायटेड स्टेट्स सेनेट, १८५०'. चित्रकार पीटर रॉदरमेल, धातूच्या पत्र्यावर कोरणारा रॉबर्ट व्हाइटचर्च, छपाई १८५५ची, फिलाडेल्फियातली. ७२ वर्षांचे सेनेटर हेन्री क्ले उभे राहून बोलताहेत, जवळच डॅनियल वेबस्टर डोक्याला हात लावून बसलेत, सभाध्यक्षांच्या आसनाशेजारी जॉन कॅल्हून उभे आहेत. आसनावर उपराष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर. वरची प्रेक्षकसज्जा गच्च भरलेली.

'देश वाचवणारा समेट' असं म्हणून हे चित्र विकलं जातं, तेव्हा मला राग येतो. क्लेंनी आठ ठराव मांडले २९ जानेवारीला, त्यांवरचं भाषण झालं ५ आणि ६ फेब्रुवारीला. वाद गुलामगिरीचा: उत्तरेकडच्या राज्यांना ती पसरू द्यायची नव्हती, दक्षिणेकडच्यांना ती टिकवायची होती. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ३२ लाख होती आणि चित्रात त्यांच्यातला एकही नाही. समेटात उत्तरेला काय मिळालं? कॅलिफोर्निया गुलामगिरीविना संघराज्यात आला आणि राजधानीत माणसांचा बाजार बंद झाला. बाजारच फक्त, राजधानीतली गुलामगिरी पुढे १८६२पर्यंत चालली. दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचा कायदा, आणि तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. पकडलेल्याची साक्ष घ्यायची नाही, ज्युरी नाही. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडला तर ५. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष झालेल्या, चित्रात आसनावर बसलेल्या त्याच फिलमोर यांनी १८ सप्टेंबरला त्यावर सही केली.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. क्लेंच्या ठरावांतले बरेचसे मुद्दे एका गठ्ठ्यात आणलेलं विधेयक ३१ जुलैला कोसळलं होतं. सेनेटर स्टीफन डग्लस यांनी त्याचे तुकडे केले आणि प्रत्येकासाठी वेगळं बहुमत जमवून सप्टेंबरपर्यंत ते मंजूर करून घेतले. कॅल्हून तर ४ मार्चला इतके खंगलेले होते की त्यांचं भाषण व्हर्जिनियाच्या मेसन यांनी वाचून दाखवलं. ३१ मार्चला ते गेले. क्ले आणि वेबस्टर १८५२मध्ये वारले. म्हणजे चित्र छापून आलं तेव्हा तिघंही हयात नव्हते, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोपवणाऱ्या १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने भांडण पुन्हा पेटवलं होतं. गिऱ्हाइकाला विकला जात होता तो हरवलेला सलोखा.

कोरीव काम मात्र अव्वल आहे, ते मान्य करायलाच हवं. विकत घ्यायचं असेल तर दहापट भिंगातून बघा: अस्सल प्रतीत रेघा आणि बारीक ठिपके हाताने कोरलेले, कमी-जास्त खोल दिसतात, सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट हवी. समास कापलेले असतील तर ती खूण जाते, खालची नावंही जातात आणि किंमत पडते. चौकटीमागे साधा पुठ्ठा असेल तर त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो. पुठ्ठा आम्लमुक्त घ्यावा, काचेला कागद टेकू देऊ नये. इथला उन्हाळा दमट असतो, बाहेरच्या भिंतीवर लावलं तर डाग पडतात. पैसे घालवायचे नसतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून मोठी टिफ फाइल फुकट उतरवता येते. पिक्सेलना ३००ने भागलं की किती इंच स्वच्छ छापेल ते कळतं: ६,००० पिक्सेल म्हणजे २० इंच.

जातीचा विषय काढून इथे अमेरिकेत कुणी आपल्याला भारतीयांना सुनावतं, तेव्हा मला जोतीराव आठवतात. १८७३मध्ये पुण्याच्या या माणसाने 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष, स्वार्थत्यागी वृत्तीबद्दल. तिथे तडजोड करणाऱ्यांचा गौरव नाही. आपलं घर स्वच्छ झालं असा दावा मी करत नाही, पण कुणाला नमस्कार करायचा हे आपल्याकडच्या एका माणसाला इथल्या चित्रविक्रेत्यांपेक्षा जास्त कळलं होतं. या देशाच्या पदरात एवढं घालायला हवं की संसदभवनाच्या अभ्यागत केंद्रातल्या मुख्य दालनाचं नाव 'इमॅन्सिपेशन हॉल', म्हणजे मुक्तीचं दालन, आहे, आणि इमारत उभारताना राबलेल्या गुलामांच्या स्मरणार्थ तिथे २०१२पासून एक दगड बसवला आहे.

सुट्टीत वॉशिंग्टनला येणाऱ्यांनी हे चित्र बघितलं तर नदीपलीकडे अलेक्झांड्रियात १३१५ ड्यूक स्ट्रीटलाही जावं. फ्रँकलिन आणि आर्मफील्ड या माणसं विकणाऱ्या पेढीची ती कचेरी. आता तिथे संग्रहालय आहे. किंग स्ट्रीट मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. जाण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा.