शेवटची तारीख तीन महिने अलीकडे आली की नेमकं काय जातं

दरवर्षी १६ जानेवारीला, अस्मिताय दिसाच्या (१९६७ च्या जनमत कौलाच्या स्मरणदिनाच्या) आसपास, गोव्यात एक प्रश्न हमखास निघतो: असा जनमत कौल लोकांना स्वतःहून घडवून आणता येतो का? भारतात तशी सोय नाही. १९६७ चा कौलही संसदेने १९६६ मध्ये कायदा केला म्हणून झाला. फूल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं) की दोन पानं (वेगळं राहायचं) हे लोकांनी ठरवलं, प्रश्न मात्र वरून आला होता.

अमेरिकेतल्या २४ राज्यांत पुरेशा सह्या जमवल्या की नागरिकांचा प्रस्ताव मतदानापर्यंत जातो. तिथे सह्यांच्या आकड्यावरून वाद होतात, तसेच त्या जमा करण्याच्या तारखेवरूनही.

साउथ डकोटाचंच बघा. ही पद्धत सगळ्यांत आधी, १८९८ मध्ये, याच राज्याने स्वीकारली. तिथे सह्या निवडणुकीच्या वर्षभर आधी द्याव्या लागत. इतक्या आधीच्या मुदतीचं पुरेसं कारण राज्याला देता आलं नाही, म्हणून २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मग मे महिन्याचा पहिला मंगळवार ठरला. २०२५ मध्ये विधिमंडळाने तो फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी आणला आणि पुन्हा संघीय न्यायालयाने त्याला अटकाव केला.

२०२६ साठी हिशेब केला तर ५ मे ऐवजी ३ फेब्रुवारी, म्हणजे ९१ दिवस कमी. साध्या कायद्याला १७,५०८ आणि घटनादुरुस्तीला ३५,०१७ सह्या लागतात. त्यात काहीच सूट नाही. शिवाय शेवटची धावपळ भर हिमवर्षावात येते. आपल्याकडे सांगे-काणकोणात जुलैत घरोघर फिरून सह्या घ्या म्हटल्यासारखं. लोक निवडणुकीचं बोलायला लागतात तो वसंत ऋतू तर हातचा जातोच.

कॅलिफोर्नियात तारीख उलटी मोजावी लागते, आणि नवखे तिथेच फसतात. सह्या गोळा करायला १८० दिवस मिळतात, पण प्रस्ताव मतदानाच्या १३१ दिवस आधी पात्र ठरलेला असावा लागतो. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मतदानासाठी ती तारीख २५ जून येते. ही सह्या देण्याची तारीख नव्हे, तपासणी पूर्ण होण्याची. मोजणीला ८ आणि नमुना तपासणीला ३० कामाचे दिवस धरले, तर गठ्ठे एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत काउंटीत (म्हणजे जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात) पोचलेले बरे.

नमुना म्हणजे प्रत्येक काउंटीत आलेल्या सह्यांपैकी ३ टक्के किंवा ५००, यातला मोठा आकडा. त्यावरून काढलेला वैध सह्यांचा अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला की प्रस्ताव पात्र, ९५ टक्क्यांखाली आला की बाद. मधे अडकला की एकेक सही तपासायची, आणि तेवढ्यात जून उलटतो. सध्या कायद्यासाठी ५,४६,६५१ वैध सह्या लागतात. चारातली एक सही बाद होईल असं धरलं, तर आकडा गाठायला सुमारे ७.२९ लाख सह्या हव्यात, पण ११० टक्के गाठायला ८.०२ लाख. वरच्या या ७३ हजार सह्या खरं तर वेळ विकत घेण्यासाठी असतात.

सह्या बाद का होतात? मतदार यादीत नाव नसतं, पत्ता जुना असतो, एका काउंटीच्या कागदावर दुसऱ्या काउंटीचा मतदार सही करतो, किंवा सह्या घेणाऱ्याने खालचं प्रतिज्ञापत्र अर्धवट भरलेलं असतं. सगळ्यांत महाग पडते ती दुबार सही. एकाच माणसाच्या दोन्ही सह्या ३ टक्क्यांच्या नमुन्यात सापडणं इतकं दुर्मीळ, की तशी एक जोडी सापडली की सूत्राप्रमाणे अंदाजातून हजारभर सह्या वजा होतात. म्हणून गठ्ठा देण्याआधी आपणच नावं संगणकावर चढवून दुबार सह्या खोडायच्या. या कामाला दोन-तीन आठवडे राखून ठेवावेत. मुदत आखडली की पहिला बळी याच कामाचा जातो.

फ्लोरिडाने २०२५ मध्ये वेगळीच कात्री लावली. अंतिम तारीख १ फेब्रुवारीच ठेवली, पण मतदाराने भरलेला फॉर्म निवडणूक कार्यालयात पोचवायची मुदत ३० दिवसांवरून १० दिवसांवर आणली. उशीर झाला तर दंड. फॉर्म गावोगावहून एका जागी आणून, चाळून, मग काउंटीवार पाठवायची जुनी रीत १० दिवसांत बसत नाही.