पंच्याआडची लाज

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांच्या रोजच्या कामांबाबत कुटुंबीयांना मार्गदर्शन करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग असतो. साताऱ्यातील एका घरी अल्झायमर झालेले एक आजोबा होते. मुलगा भल्या सकाळी नोकरीवर जात असल्यामुळे आंघोळीनंतर त्यांना कपडे घालण्याचे काम सुनेकडे आले होते. "ते हल्ली अंगावर धावून येतात," असे सांगताना तिचे डोळे भरून आले.

ओला टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या आजोबांना ती मायेनेच सांगत होती, "बाबा, टॉवेल सोडा, लेंग्यात पाय घाला, मग बनियन घालू." या आजारात कृतींचा क्रम जुळवणे अवघड होत जाते, त्यामुळे एका दमात दिलेल्या तीन सूचनांपैकी एकही त्यांच्या हाती लागत नव्हती. एवढे मला अपेक्षित होते. माझे लक्ष वेधले ते त्यांच्या हातांनी. सुनेचा हात टॉवेलकडे जाताच त्यांनी त्याची गाठ दोन्ही मुठींत आवळून धरली, मान खाली घातली आणि "बाई, तुम्ही बाहेर जा," असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. समोरची स्त्री आपली सून आहे हे त्यांना उमगत नव्हते, आणि उमगले असते तर संकोच वाढलाच असता. घरची माणसे ज्याला हट्ट म्हणत होती ती खरे तर लाज होती. इतके काही हरवूनही त्यांनी ती जपली होती, हे पाहून माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

मी घरात पंचा आहे का, असे विचारले. विहिरीवर किंवा नदीकाठी चारचौघांत पंचा गुंडाळून कपडे बदलणे ही त्यांच्या पिढीच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. शेजारच्या पुतण्याला बोलावून आम्ही दोघी बाहेर थांबलो. पुतण्याने नंतर सांगितले की, कोरडा पंचा हातात देताच आजोबांनी तो टॉवेलवरून कमरेला गुंडाळला, नीट खोचला आणि आतला टॉवेल स्वतःच सोडला. खुर्चीत बसवून त्याने लेंगा गुडघ्यांपर्यंत चढवला; पुढे उभे राहून पंच्याआडून तो आजोबांनीच वर ओढला. नाडी मात्र त्यांना बांधता आली नाही.

बनियनचा प्रश्न वेगळा होता. तो डोक्यावरून घालताना क्षणभर चेहरा झाकला जातो आणि अशा रुग्णाला त्याचीही भीती वाटू शकते, म्हणून मी समोरून उघडणारी बंडी काढायला सांगितली. पांढऱ्या चादरीवर ठेवलेली पांढरी बंडी त्यांच्या नजरेस येईना. गडद सतरंजीवर ठेवताच त्यांनी हात पुढे केला.

आंघोळ मुलगा घरी असताना, संध्याकाळी घालावी, असे आम्ही ठरवले. सकाळच्या आंघोळीचा नेम मोडायला आजी सुरुवातीला तयार नव्हत्या, पण पुतण्याचे बोलणे ऐकल्यावर त्यांनी होकार दिला. ज्या दिवशी सुनेलाच हे करावे लागेल, त्या दिवशी तिने आधी पंचा द्यावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि पाठ फिरवून उभे राहावे, असे मी तिला सुचवले. नाडीऐवजी इलॅस्टिक घालून घेण्यासाठी लेंगे तिने त्याच दुपारी शिंप्याकडे पाठवले.