आरती लागली की दिवे धावतात

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीची रोषणाई यंदा माझ्याकडे होती. मखराभोवती ६० एलईडींची पट्टी, मागे अर्डुइनो (दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि पुतण्याचा जुना विंडोज ७ लॅपटॉप. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक दिव्यानंतर टाइम.स्लीप(०.००५), म्हणजे ५ मिलिसेकंद झोप; ६० दिव्यांची एक फेरी ०.३ सेकंदात. प्रत्यक्षात लागायचा जवळजवळ एक सेकंद. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, हे दिवे धावतायत की रांगतायत?"

गंमत पुढेच. ब्राउझरवर आरती लावली की दिवे सुसाट, बंद केली की पुन्हा मंद! आईने अर्थातच श्रेय बाप्पाला दिलं.

कारण सापडलं रात्री दीडला. विंडोजचं घड्याळ एरवी दर १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं, त्यामुळे ५ मागितले तरी झोप पुढच्या टिकटिकीपर्यंत. ब्राउझर आवाजासाठी हा टप्पा १ मिलिसेकंदावर आणतो, आणि जुन्या विंडोजमध्ये तो बदल सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतो. म्हणजे माझे दिवे आरतीच्या जिवावर धावत होते.

पायथॉन ३.११ विंडोज १० वर सूक्ष्म टायमर वापरतं, पण विंडोज ७ वर ३.८ च्या पुढे जाताच येत नाही. मग झोपेऐवजी पर्फ-काउंटर, म्हणजे पायथॉनचं अचूक घड्याळ, बघत नुसतं लूप फिरवून पाहिलं. वेळ अचूक, पण पंखा इतका घोंघावला की मोदक वळणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. शेवटी सीटाइप्समधून (पायथॉनमधून विंडोजची फंक्शन्स वापरायची सोय) टाइमबिगिनपीरियड(१) ला हाक मारली, म्हणजे ब्राउझरसारखाच १ मिलिसेकंदाचा टप्पा मी स्वतःच मागितला. एक ओळ!

काकांना अजून वाटतं, मी वायर बदलली.